चंद्राआक्काची बिडीबंदी

चंद्राआक्काचा कुणावरच विश्वास नव्हता. डेअरीत दूध घालायला गेली की फॅट लावणाऱ्याच्या हातावरची तिची नजर हलायची नाही. गिरणीत दळण टाकलं की पीठ पिशवीत पडेपर्यंत ती तिथंच ठाण मांडून बसायची. देवळात प्रसाद मिळाला तरी आधी शेजारणीच्या तळहातावर किती पडलाय ते बघायची आणि मग आपला तोंडात टाकायची. विट्याहून आत वळलं की उसाच्या रानात ही वाडी लागते, आणि वाडीतले टगे म्हणायचे की चंद्राआक्का सूर्य उगवला तरी दोनदा खात्री करून घेते. त्यांना काय जातंय म्हणायला?

पण हा संशय काही तिनं माहेरनं पाटीत घालून आणलेला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा हळद उतरायच्या आत तिचा नवरा आकाराम गलाईच्या धंद्याला कोइमतूरला निघून गेला. गलाई म्हणजे जुनं सोनं भट्टीत वितळवायचं आणि तेजाबानं शुद्ध करायचं. विट्याच्या भागातले कितीतरी बाप्ये त्या कामासाठी देशभर पांगलेले असतात आणि जत्रेला तेवढे घरी येतात. आकारामही तसाच यायचा. अंगाला परक्या साबणाचा वास, बोलण्यात मधूनच तिकडचे शब्द, आणि विचारलं की उत्तर एकच, सगळं बरं चाललंय. जत्रेपुरता नवरा वाट्याला आलेल्या बाईनं संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? सासू मनुबाई कडक होती, दीर जमिनीचा बांध कोरत होता, आणि पोरगा शिवतेज लहान होता. त्या घरात चंद्राआक्का टिकली ती डोळे उघडे ठेवले म्हणूनच. दिराचा डावही तिनंच हेरला आणि मोजणी आणून बांध सरळ करून घेतला. तेव्हापासून तिची खात्रीच पटली की बारकाईनं बघितलं की चोर सापडतोच.

पुढं शिवतेज मोठा झाला, कोइमतूरचं दुकान त्यानं हातात घेतलं, आणि आकाराम कायमचा वाडीला आला. येताना छातीत तेजाबाचा खोकला घेऊन आला आणि खिशात बिडीचं बंडल. शिवतेजचं लग्न झालं. सून पूजा बारावी शिकलेली, गरीब स्वभावाची, सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणणारी. शिवतेज जत्रेला यायचा, दिवाळीला यायचा, आणि बाकीचे दिवस पूजा आत्याच्या हाताखाली काढायची. चंद्राआक्कानं स्वतः काढले होते तसेच.

पूजाला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. पण बाळंतपणाला माहेरी पाठवायच्या आतच पोटातलं मूल गेलं. विट्याच्या दवाखान्यात सगळं उरकल्यावर डॉक्टरीणबाईंनी चंद्राआक्काला बाजूला घेऊन चौकशी केली. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का? चंद्राआक्कानं एक क्षणही न घालवता नवऱ्याचं नाव सांगितलं. पूजा स्वतः तंबाखूचं काही घेते का, असंही त्यांनी विचारलं. त्यावर चंद्राआक्का जरा रागावूनच म्हणाली की आमच्या घरात बायका तंबाखूला शिवत नाहीत. पूजा पडद्यापलीकडं खाटेवर पडून सगळं ऐकत होती.

आता मिसरीचं सांगायला पाहिजे. जर्दा, म्हणजे सुकी तंबाखू, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठलं की उंबऱ्याशी बसून बोटानं दातांना लावायची, तोंड काळं करून घटकाभर गप्पा मारायच्या आणि मग चूळ भरायची. वाडीतल्या निम्म्या बायकांचा दिवस असाच उजाडतो. तुम्ही म्हणाल, अहो, ही तर तंबाखूच झाली. तुम्ही म्हणा. वाडीत तसं कुणी म्हणत नव्हतं. तंबाखू म्हणजे बाप्ये तळहातावर चुना लावून मळतात ती. बिडी म्हणजे पेटवून ओढतात ती. आणि मिसरी म्हणजे दात घासायची वस्तू, मीठ-कोळशासारखी. शिवतेजच्या वेळी दिवस राहिले, मळमळायला लागलं, तेव्हा सासू मनुबाईनं चंद्राआक्काच्या बोटावर पहिली चिमूट ठेवली होती. पूजाची दाढ दुखायला लागली तेव्हा चंद्राआक्कानं तिच्या बोटावर ठेवली. त्यामुळं दवाखान्यात ती खोटं बोलली असं कुणी म्हणू नये. तिला ते खरंच वाटत होतं.

मग चोर ठरला आकाराम. दवाखान्यातनं घरी आल्या आल्या त्याची खाट गोठ्यात गेली. ताट गोठ्यात, चहा गोठ्यात. नातवाला धुरानं मारलं, असं ती तोंडावर म्हणाली आणि वर गल्लीलाही ऐकवलं. आकाराम मुळातच अबोल. आयुष्यभर भट्टीसमोर बसलेला माणूस, वाद घालायची त्याला सवयच नव्हती. तो गोठ्यात जाऊन राहिला. काही दिवसांनी त्यानं सांगितलं की बिडी सोडली. चंद्राआक्का हसली. तिनं त्याचे सदरे हुंगले, खिसे उलटे केले, वैरणीत हात घालून बघितला. विहिरीवर एक थोटूक सापडलं ते घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात टाकलं. ते पाणी पाजायला येणाऱ्या गड्याचं होतं, पण ऐकून कोण घेणार? आकाराम म्हणाला की सोडायला फार जड जातंय, पण सोडलीय. त्यावर तिनं निकालच दिला. मनात आणलं की कुणालाही सुटते, आणि जड जातंय म्हणणारा लबाड असतो.

पूजाला पुन्हा दिवस गेले आणि चंद्राआक्काची झोप उडाली. डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितलं, म्हणून ह्या वेळी पूजा माहेरी न जाता वाडीतच राहिली. हे मूल जगलं पाहिजे. दुसरं काही तिच्या डोक्यात राहिलंच नाही. पूजासाठी म्हशीचं दूध ती स्वतः काढायची, पाणी स्वतः उकळायची, आणि दारावरनं कुणी बिडी ओढत गेलं की हातातलं काम टाकून बाहेर धावायची. एकदा तर पेटती बिडी हातात घेऊन पाहुणा आलेल्या आपल्या भावाला तिनं परत गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं. आणि त्याच आठवड्यात मिसरी संपली म्हणून चुलीवर तवा ठेवून जर्दा भाजायला घेतला. खमंग धूर माजघरभर झाला, पूजा शेजारी भाजी निवडत बसलेली, दोघी शिंकल्या आणि हसल्या. शेजाऱ्यांना ठसका लागू नये म्हणून चंद्राआक्कानं दार तेवढं लावून घेतलं.

गल्लीत आरडून भागत नाही हे लक्षात आल्यावर तिनं बंदीच आणायची ठरवली. वाडीत बिडी-सिगारेट विकायची नाही आणि वाडीच्या हद्दीत ओढायचीही नाही. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करायचा. बचत गटातल्या बायका लगेच तयार झाल्या, कारण प्रत्येकीच्या घरात एक खोकणारा होताच. शालूबाई तर सगळ्यांच्या पुढं. तिचा दादला बिडीपायीच गेला होता.

सरपंच विश्वजीतनं गोड बोलून टाळायचा प्रयत्न केला. सार्वजनिक जागेत ओढायला सरकारची बंदी आहेच, मग आणखी ठराव कशाला? चंद्राआक्काच्या मनात लगेच पाल चुकचुकली. हा माणूस स्वतः गाडीच्या आडोशाला उभा राहून सिगारेट ओढतो, हे तिनं कधीच टिपून ठेवलं होतं. टपरीवाला मल्हार म्हणाला की मी विकायची बंद केली तर लोक विट्याहून आणतील, आणि माणूस आपल्या छातीचं काय करतो हे ठरवणारी वाडी कोण? चंद्राआक्कानं त्याला टपरीसमोरच सुनावलं की तुझ्या छातीत तू काय बी भर गड्या, पर ते बाहेर सोडू नको म्हंजे झालं. बायका खूश झाल्या. बाप्ये पारावर कुजबुजायला लागले की आकाराम एवढी वर्षं कोइमतूरला का राहिला ते आता कळलं.

उरली आरोग्यसेविका. दीपाली मगदूम, सांगलीकडची, जैन घरातली, नुकतीच बदलून आलेली. तिचाही चंद्राआक्काला संशय होताच. ही बाई दिवस मावळल्यावर कुणाच्या घरी चहासुद्धा घेत नाही, यात काय डाव असेल? ते तिच्या धर्मातलं आहे असं पूजानं समजावलं, तेव्हा कुठं आक्का गप्प झाली. पण बंदीच्या बाजूनं बोलायला शिकलेलं माणूस पाहिजे होतं, म्हणून तिनं दीपालीला सभेला यायचा आग्रह केला. दीपाली हो म्हणाली. वर म्हणाली की आक्का, तुम्ही चांगलं काम काढलंय.

सभेला शाळेचं पटांगण भरलं. कधी नव्हे त्या बायका एवढ्या संख्येनं आल्या होत्या की सरपंचाला आणखी जाजमं मागवावी लागली. पूजाही पोट सांभाळत मागच्या रांगेत बसली होती. आकाराम अगदी कडेला, लिंबाखाली. चंद्राआक्का उठली आणि बोलली. फार बोलली नाही. माझं नातवंड धुरानं गेलं, दुसरं यायच्या वाटेवर हाय, ह्या वाडीत ते जगलं पायजे, एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. बाप्येसुद्धा खाली बघायला लागले.

तेव्हा मल्हार उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा ओशाळाच होता.

"काकू, मी बिडी-सिगारेट ठेवत न्हाई, झालं? पर मग समदंच बंद करू. माज्या टपरीत तंबाखूचा जादा खप बाप्यांचा न्हाई. मिसरीच्या जर्द्याचा हाय."

बायका हसल्या. हसताना सवयीनं तोंडावर पदर घेतले. शालूबाई बसल्या जागेवरनंच म्हणाली की ह्या पोराचं डोकं फिरलंय, मिसरी कुठं तंबाखू असते? मग सगळ्यांनी दीपालीकडं बघितलं. चंद्राआक्कानंही बघितलं, एकदम निर्धास्तपणे.

"मिसरी तंबाखूच आहे," दीपाली म्हणाली. "भाजली म्हणून तिच्यातलं विष जात नाही. हिरड्यांतनं रक्तात उतरते. बाई पोटुशी असली तर बाळापर्यंत जाते."

चंद्राआक्काच्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? मल्हारनं हिला फितवलं. दुसरं काही सुचलंच नाही तिला. तिनं भर सभेत दीपालीला विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. दीपाली शांतपणे म्हणाली की अंगणवाडीत गरोदर बायकांच्या बैठकीत मी हेच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही बाहेर एका बिडीवाल्याशी भांडत होता. बाप्ये हसले. चंद्राआक्का साक्षीदार शोधायला मागं वळली. बायकांच्या तोंडावर आश्चर्य होतं, राग होता, एकीच्या तर बोटावर सकाळचा काळा डाग तसाच होता. आणि पूजाच्या तोंडावर यातलं काहीच नव्हतं. ती मान खाली घालून जाजमाचा दोरा ओढत बसली होती.

सगळं आयुष्य माणसांची तोंडं वाचण्यात घालवलेली बाई ती. तिला ते तोंड लगेच वाचता आलं.

"मग मागल्या खेपंला," ती दीपालीला म्हणाली, आणि आवाज एकदम बारीक झाला, "ते बिडीच्या धुरानं गेलं का मिसरीनं?"

दीपाली खुर्चीवरनं उठून तिच्याजवळ आली. म्हणाली की तसं कुणालाच सांगता यायचं नाही, दोन्हीनं धोका असतो, आणि कधी कधी यातलं काहीच कारण नसतं. चंद्राआक्काला असल्या उत्तराची सवय नव्हती. चोर सापडला पाहिजे आणि तो एकच असला पाहिजे, अशी तिची रीत. इथं तर सांगता येत नाही म्हणजे कायमचंच सांगता येत नाही.

पुढं सभेचा बाजार झाला. बायका म्हणाल्या मिसरी सोडून बाकीचं लिहा. बाप्ये म्हणाले मग बिडीही सोडा. सरपंचाला आयतंच फावलं, त्यानं विषय पुढच्या सभेवर ढकलायची भाषा काढली. त्या गलक्यात चंद्राआक्का एवढंच म्हणाली की लिहायचं तर दोन्ही लिहा. शालूबाईनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं घरात चोर घेतला. ठरावाचं काय झालं हे ऐकायला चंद्राआक्का थांबली नाही. चपला पायात अडकवून ती घराकडं चालायला लागली. मागनं पूजा सावकाश येत होती. आक्का मध्येच थांबायची, तिला गाठू द्यायची, आणि ती जवळ आली की पुन्हा पुढं चालायला लागायची.

घरी आल्यावर तिनं आधी मिसरीची डबी शोधली. फळीवर होती तिथंच होती, पण हलकी लागली. आदल्या दिवशीच तिनं ती गच्च भरली होती. पूजा भिंतीला टेकून पाटावर बसली.

"तुला ठावं हुतं," चंद्राआक्का म्हणाली.

पूजानं हो म्हणून मान हलवली.

"कवापास्नं?"

"दवाखान्यात त्या बाईंनी इचारलं तवापास्नं. मग मी मोबाईलवर बघितलं, आत्या."

"मग तवा तोंड का उघाडलं न्हाईस?"

पूजा खालीच बघत म्हणाली, "तुमी मामांचं नाव घेतलंसा. मला बरं वाटलं. माज्यावर आलं न्हाई म्हणून."

चंद्राआक्काचं टाळकं सणकलं. एवढे दिवस तो माणूस गुरांच्या शेजारी झोपतोय, अख्खी वाडी त्याला नातवाचा वैरी म्हणतेय, आणि ही पोरगी त्याच्या ताटात भाकरी वाढून नेतेय! तिनं हात उगारलाही होता. पण पहिली चिमूट कुणी दिली, दवाखान्यात हिच्या वतीनं 'नाही' असं कुणी सांगितलं, हे आठवल्यावर तो हात खाली आला. मारायचं तर कुणाला? ती पूजाच्या समोर खालीच बसली. आणि तिला भीती वाटायला लागली, पोटातल्या त्या जिवाची, उघड आणि साधी भीती.

"बरं, मागलं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पर आता पोटात हे असताना? आता बी?"

"सुटत न्हाई, आत्या." पूजा रडायला लागली. "लय येळा सोडून बघितली. डोकं फुटायला हुतं, हात कापत्यात, कुणावर बी खेकसावं वाटतंय. मग तुमच्या डबीतली घेती. मामांनी कशी सोडली काय म्हाईत. मला न्हाई सुटत."

"त्येंनी सोडलीया? तू कुठं बघितलंस?"

"सोडलीया. पयल्या दिसांत गोठ्यात नुसत्या येरझाऱ्या घालायचे. दावणीचा खुंटा धरून बसायचे. मी मागल्या खिडकीतनं बघायची."

चंद्राआक्कानं त्या गोठ्यातली वैरण उपसली होती. गोठ्यातल्या माणसाकडं मात्र तिनं एकदाही नीट बघितलं नव्हतं. जड जातंय म्हणणारा लबाड, असं ती ज्याला म्हणाली होती त्याला सुटली होती. आणि ही समोर बसलेली, पोटावर हात धरून रडणारी पोर लबाड नव्हती, हे तिला पुरावा न मागताच कळत होतं. तिनं स्वतःच्या बोटाकडं बघितलं. सकाळपासून तिनंही लावली नव्हती, सभेच्या गडबडीत राहून गेलं होतं, आणि तिचं कपाळ केव्हापासून ठणकत होतं. सभेमुळं ठणकतंय असं ती समजून चालली होती.

ती उठली, मागचं दार उघडलं आणि गोठ्याकडं तोंड करून हाक मारली.

"आवं."

आकाराम सभेतनं येऊन म्हशीपुढं वैरण टाकत होता. त्यानं दचकून बघितलं आणि दोन्ही हात सदऱ्याला पुसले.

"मी कायबी केलं न्हाई," तो म्हणाला.

"केलं म्हनतंय कोण? आत या."

तो दारापर्यंत आला आणि चौकटीबाहेरच थांबला. आत सून रडतेय आणि बायकोच्या हातात मिसरीची डबी आहे, एवढं त्याला दिसलं. आता ह्यातही आपलाच काही गुन्हा निघतोय का, या विचारात तो एकीकडनं दुसरीकडं बघत राहिला.

"बिडी कशी सोडलीसा त्ये हिला सांगा," चंद्राआक्का म्हणाली. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आन् मला बी सांगा."

आकारामनं चपला बाहेर काढल्या, पायावर पाणी घेतलं आणि आत येऊन दोघींच्या समोर मांडी घालून बसला.